कानउघाडणी

तानसेन होता येत नसेल तर निदान कानसेन तरी व्हावे, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो, की कठीण काय ते तानसेन होणे. कानसेन काय, मंडईतून येता येता कोथिंबिरीची जुडी आणावी तसा माणूस सहज होऊन येतो! प्रत्यक्षात मामला उलटा आहे. गायला शिकणाऱ्याची सोय समाजाने उत्तम केली आहे. त्याला गुरू आहे, पेटी आहे, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा परीक्षांच्या पायऱ्या आहेत, आणि पायरी चढल्याचे प्रमाणपत्र टांगायला दिवाणखान्यात खिळाही आहे. ऐकायला शिकणाऱ्याला यातले काहीच नाही. डोंबिवलीत आमच्या एकट्या गल्लीत गाण्याचे तीन क्लास आहेत. ऐकण्याचा एकही नाही. तेव्हा कानसेनाला एकलव्यच व्हावे लागते. समाधान एवढेच, की शेवटी कोणी अंगठा मागत नाही.

म्हणूनच की काय, शास्त्रीय संगीताचा विषय निघाला की आपल्यापैकी पुष्कळजण एक ठरलेले वाक्य बोलून मोकळे होतात: "आम्हाला बुवा त्यातलं काही कळत नाही." या वाक्यात नम्रता असते, तशी सुटकाही असते. गंमत अशी, की इतर कोणत्याही सुखाच्या बाबतीत आपण असे बोलत नाही. जिलबी खाताना पाक किती तारी होता हे ठाऊक नसल्याचे दुःख कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. पावसाची पहिली सर आली की खिडकीशी उभे राहण्यापूर्वी कोणी वेधशाळेचा दाखला मागवत नाही. गाण्यापुढे मात्र आपण परीक्षेला बसल्यासारखे बसतो. आणि नापास होण्यापेक्षा गैरहजर राहिलेले बरे, असा शहाणा विचार करतो.

मी मराठीचा प्राध्यापक. वर्गात एखादी नवी कविता काढली की पहिल्या बाकावरून प्रश्न येतोच, "सर, याचा अर्थ काय?" मी सांगतो, "आधी मोठ्याने दोनदा वाच. अर्थाला घाई नसते. तो मागाहून आपल्या पावलांनी येतो." हा उपदेश मी वीस वर्षे वर्गात फुकट वाटत आलो आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तोच मी गाण्याच्या बाबतीत स्वतःला करून पाहिला. त्याची ही हकीकत.

सुरुवात झाली ती आगगाडीत. सकाळी डोंबिवलीहून दादरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये माणसाचे हात, पाय, पाठ हे सगळे अवयव सार्वजनिक मालकीचे होतात. स्वतःचे असे फक्त कान उरतात. वर्तमानपत्र उघडायला जागा नाही आणि शेजाऱ्याचे वाचायला त्याची परवानगी नाही. एके दिवशी मुलीने टाकून दिलेले इअरफोन मी खिशात घातले आणि मोबाइलवर जुन्या तबकड्या शोधू लागलो. जुन्याच का, तर त्या लहान होत्या म्हणून. या देशात गाणे तबकडीवर उतरू लागले ते १९०२ साली. कलकत्त्यात गौहरजान गायली तेव्हापासून. पुढे कित्येक वर्षे तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून जास्त गाणे मावत नसे. तास तासभर एक राग आळवणाऱ्या खाँसाहेबांना आणि बाईंना आपला सगळा संसार त्या साडेतीन मिनिटांच्या ट्रंकेत कोंबावा लागे. त्यांची ती अडचण शंभर वर्षांनंतर माझ्यासारख्या नवशिक्याची सोय झाली. ताटभर जेवणाची भीती वाटत असेल तर आधी नैवेद्याची वाटी बरी.

पहिली वाटी केसरबाई केरकरांच्या भैरवीची. हीच ती भैरवी, जी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवली. पृथ्वीवरची माणसे कशी असतात हे कोणा दूरस्थाला कळावे म्हणून ज्या सोनेरी तबकड्या पाठवल्या, त्यांत बाईंचा हा आवाज आहे. त्याच वर्षी केसरबाई गेल्या. इतक्या दूर पाठवण्याजोगी वस्तू दादरपर्यंत न्यायला काहीच हरकत नव्हती. ठाणे येईपर्यंत ती चारदा ऐकून होई.

दुसरी वाटी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची. या तबकडीचा महिमा फार मोठा. गदगच्या एका मुलाने ती दुकानात ऐकली, आणि असे गाणे आपल्याला यायलाच पाहिजे म्हणून अकराव्या वर्षी तो घरातून पळून गेला. त्या मुलाचे नाव भीमसेन जोशी. मी तीच तबकडी त्रेचाळिसाव्या वर्षी ऐकली आणि दादरला उतरून मुकाट्याने कॉलेजात गेलो. प्रत्येकाच्या नशिबी पळून जाणे नसते!

पण काहीच झाले नाही असेही नाही. आठ-दहा वेळा ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. तो आवाज कुठेही हिंडून आला, कितीही उंच चढला, तरी पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येऊन टेकत होता. संध्याकाळी दमून आलेला माणूस उंबऱ्याशी चपला काढतो तसा. ते ठिकाण आले की माझाही श्वास खाली बसे. मी मित्राला विचारले नाही, पुस्तक उघडले नाही. पण गाण्याला घर असते हे मला त्या गर्दीत, एका पायावर उभे असताना कळले. नाव नंतर समजले. तो षड्ज. आपला साधा 'सा'.

या 'सा'ची एक मोठी सोय आहे. तो अमुक एका पट्टीला बांधलेला नाही. कोणी काळी एक धरतो, कोणी काळी चार. ज्याचा गळा जिथे सुखाने बसेल तिथे त्याचा षड्ज, आणि बाकीचे सगळे सूर त्याच्यापासून मोजायचे. सहांना जन्म देणारा तो षड्ज, अशी त्याची एक व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे ऐकणाऱ्याने पहिले काम कोणते करायचे, तर हे घर ओळखायचे. त्यासाठी मी मोबाइलवर तानपुऱ्याची सोय करून घेतली आणि रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे नुसता तानपुरा लावून बसू लागलो. गुणगुणायचे असेल तर फक्त 'सा'. पहिल्या दिवशी सौभाग्यवती बाहेर येऊन म्हणाली, "फ्रीज पुन्हा बिघडला वाटतं." दुसऱ्या दिवशी कन्येने दार लावून घेतले. आई मात्र काही बोलली नाही. मेथी निवडायची परडी घेऊन ती दाराशी येऊन बसली, आणि मेथी निवडून झाली तरी उठली नाही. एकदा फक्त म्हणाली, "तारा बऱ्या आहेत. पण याची जवारी कोण लावणार?" जवारी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, बाजरी-जवारीतले काही असेल, आणि ती उठून गेली.

सा ओळखीचा झाल्यावर मी एक नेम केला. महिनाभर एकच राग. निवडला भूप, कारण त्यात सूर पाचच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद वर्ज्य. गरिबाच्या संसारासारखा आटोपशीर राग. शिवाय तो अनोळखी नव्हता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, त्यातले पहिलेच गीत भूपातले. म्हणजे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी नावगाव न विचारता भूप पाठ करून ठेवलेला आहे. 'आम्हाला काही कळत नाही' म्हणणाऱ्यांच्या घरांनीसुद्धा! तसेच यमनाचे. 'स्वयंवर' नाटक १९१६ साली आले. भास्करबुवा बखल्यांनी दिलेल्या त्यातल्या चालींपैकी यमनातले पद बालगंधर्वांच्या तोंडून ऐकून लोकांनी घरोघर नेले. आपल्या आज्या-पणज्यांना राग ओळखता येत नसतील. पण ते त्यांच्या ओठांवर होते. ओळख पटायची तेवढी राहिली होती.

महिनाभर किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकला, आणखी दोघा-तिघांचा ऐकला. आता वाटीऐवजी ताट होते. विलंबित ख्यालात घाई हा शब्दच नाही. एका रविवारी कन्या पाच मिनिटे ऐकून म्हणाली, "बाबा, हे काका मघापासून एकाच शब्दावर अडकलेत. त्यांना पुढचा आठवत नाहीये का?" प्रश्न रास्त होता. गाण्याकडे आपण शब्दांच्या वाटेने जातो, मग शब्द संपला की रस्ता संपल्यासारखे वाटते. ख्यालात शब्द खुंटीसारखा असतो. पाहायचे असते ते खुंटीला लावलेले वस्त्र. ते गायक घडी घडी उलगडून दाखवत असतो. हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "फार मोठं वस्त्र आहे," आणि अभ्यासाला गेली. तेही खरेच होते.

भूपानंतर मी देशकार लावला, आणि तिथे अडलो. देशकाराचे सूरही तेच पाच. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. पण भूप संध्याकाळ उलटल्यावरचा, शांत; देशकार सकाळचा, लख्ख. दोन्ही एकापाठोपाठ ऐकून मी आपला मोठ्याने स्वतःशीच म्हणालो, "पाच सूर तेच, मग माणूस वेगळा कसा?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, घर तेच. एक खाली राहतो, एक माडीवर."

मी उठून आत गेलो. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "भूपाचा जीव गंधारावर, देशकाराचा धैवतावर. भूप खालच्या सुरांत रमतो, देशकार वरच्या. सूर मोजून राग सापडत नाही रे. तो कुठे टेकतो ते बघायचं."

"तुला हे कुठून ठाऊक?"

"मध्यमा झाली होती माझी. मिरजेला, अडुसष्ट साली."

"कधी बोलली नाहीस!"

"त्यात बोलण्यासारखं काय होतं? मग लग्न झालं, आणि सुटलं."

'सोडलं' नव्हे, 'सुटलं'. मी भाषेचा मास्तर. या दोन क्रियापदांतला फरक दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. सोडण्याला कर्ता लागतो. सुटण्याला कोणी लागत नाही. दोर सुटतो, गाडी सुटते, तसे तिचे गाणे सुटले होते. कोणी 'गाऊ नकोस' म्हटले नव्हते. दोन खोल्या, सासूसासरे, पाहुणेरावळे, आम्ही भावंडे. त्यात 'गा' असेही कोणी म्हटले नव्हते. चाळीस-पंचेचाळीस वर्षे आमच्या घरात एक गाणारी बाई पोळ्या लाटत होती, आणि घर शांत होते.

त्या दिवसापासून मिरज आमच्या घरी थोडी थोडी येऊ लागली. मिरज म्हणजे तंतुवाद्यांचे गाव. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्पिढ्या सतारी आणि तानपुरे घडतात, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी मी तिला वाचून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "उशीरच केला म्हणायचा." जवारीचा उलगडाही तेव्हाच झाला. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा कारागीर घासून घासून असा करतात, की तार तिला नुसती टेकावी आणि चिकटू नये. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे-मागे झाला की सपाट वाजणारी तार एकदम उमलते, एका सुरातून दुसरे सूर झिरपू लागतात. लहानपणी शाळेतून येताना ती त्या गल्लीत नुसती उभी राहत असे, हे सांगताना तिचे पीठाने माखलेले बोट हवेतल्या हवेत दोरा सरकवत होते.

मिरजेतच खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते गेले, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले. तिथे उरुसात गाणे होते, मोठेमोठे गवई हजेरी लावतात. आईने ते गाणे वडिलांच्या मांडीवर बसून ऐकले होते. शिवाय शेजाऱ्यांकडे रेडिओ होता आणि आकाशवाणीवर १९५२ पासून सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. मी लोकलमध्ये जी झिंझोटी शोधून काढली होती, ती तिच्या माहेरची होती.

मी म्हटले, "मग आता तूच शिकव मला."

"छे! मध्यमेपर्यंतचं कोणी शिकवतं का? तू आपला ऐक. अडलं तर विचार."

हे बोलताना तिने कानातले यंत्र नीट केले. यंत्र येऊन दोन वर्षे झाली होती. डॉक्टरांनी समजावून सांगितले होते, की वयाबरोबर कान जातात ते वरून खाली जातात. बारीक, उंच आवाज आधी हरवतात. पाखरांचे, घड्याळाचे, 'स' आणि 'श'चे. खर्जातले आवाज पुष्कळ काळ सोबत करतात. यंत्र बोलणे ऐकू यावे म्हणून बेतलेले असते. गाणे त्यातून जाताना वेगळेच होते. आई म्हणे, "पितळेच्या घागरीत तोंड घालून गातायत असं वाटतं." मला हे सगळे ठाऊक होते, पण ते कानाच्या डॉक्टरांच्या फायलीत होते. आता त्याला अर्थ आला. माझे कान उघडत होते आणि तिचे मिटत होते. आणि मधे फार वेळ नव्हता.

म्हणून मी अडायला लागलो! रोज काहीतरी अडे. ताल हे तर अडायला उत्तम ठिकाण. विलंबित एकतालाच्या मात्रा बाराच. पण त्या इतक्या सावकाश पडतात, की एक आवर्तन पुरे व्हायला कधी पाऊण मिनिटही लागते, आणि नवा माणूस तिसऱ्या मात्रेला वाट चुकतो. आईने हात पुढे केला. चार बोटांना तीन तीन पेरे, झाली बारा. अंगठा एकेका पेरावरून फिरवायचा. "आणि खूण सांगते. तबल्यावर 'तिरकिट' असं झरझर वाजतं ना, ते दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसरं तिरकिट गेलं, की दोन मात्रा सोडायच्या आणि समेला तयार राहायचं." तीनतालाच्या सोळा मात्रांना पेरांबरोबर बोटांची टोकेही घ्यायची, नवव्या मात्रेच्या सुमारास डग्ग्याची घुमार थांबते, ती खालीची खूण. हे कोणत्याही पुस्तकात असेल. पण ते पुस्तक माझ्या हातावर अंगठा फिरवून दाखवणार नव्हते.

पुस्तके मी वाचली, पण ऐकण्याच्या मागाहून. पंडित भातखंड्यांनी हिंदुस्थानी संगीतपद्धती मराठीत लिहिली, तीही गुरुशिष्यांच्या संवादासारखी. दहा थाटांची मांडणी त्यांचीच. भातखंडे मूळचे वकील. 'घरंदाज गायकी' हा १९६१ सालचा ग्रंथ लिहिणारे वामनराव देशपांडे चार्टर्ड अकौंटंट. दोघांच्या व्यवसायाकडे पाहिले की आपल्यासारख्या नोकरदाराला धीर येतो. दिवसभर फायली पाहणारा माणूस संध्याकाळी गाण्याकडे जाऊ शकतो, एवढेच नव्हे, तर त्यात खोल उतरू शकतो.

मागच्या डिसेंबरात आईला घेऊन पुण्याला गेलो. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ त्यांच्या शिष्याने, भीमसेन जोशींनी, १९५३ साली सुरू केलेला तो महोत्सव आता दोघांच्या नावाने होतो. रमणबागेचे मैदान जाऊन तो मुकुंदनगरला आला आहे. पण शाली, स्वेटर, थर्मास आणि वडापावच्या रांगा त्याच आहेत म्हणतात. आमच्या मागे एक गृहस्थ होते. गायक खोकला तरी ते रागाचे नाव सांगत. आईने भल्यामोठ्या मंडपाकडे एकदा पाहिले आणि पदर सावरून खुर्चीत बसली. लग्नानंतर अशा गाण्याला ती पहिल्यांदाच आली होती.

दिवस मावळतीला आला होता. एक तरुण गायिका बसली. पहिल्या दोन-तीन आलापांतच आईने कानातले यंत्र काढून पर्समध्ये टाकले. ध्वनिवर्धकांच्या आवाजाने ते कर्कश वाजत होते.

"आता काय ऐकू येतंय?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारले.

"डग्गा. आणि मधून मधून तानपुरा. आवाज नाही येत तिचा. काय गातेय?"

मागच्या गृहस्थांनी नाव एव्हाना जाहीर केले होते. मी म्हटले, "मारवा."

आईचा चेहरा उजळला. "मग षड्जाची वाट बघ," ती म्हणाली.

मारव्यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्ज असूनही फारसा भेटत नाही. गायक त्याच्या भोवती भोवती फिरतो, दारापर्यंत येतो आणि आत न येता वळतो. सगळ्या रागांत जे घर, त्या घरालाच इथे पारखे व्हायचे. सूर्य बुडतानाची ती हुरहूर त्यातूनच येते. मी जे वर्षभर ओळखायला शिकलो होतो, नेमके तेच इथे मला नाकारले जात होते. आणि ओळखायला शिकलो होतो म्हणूनच नाकारलेले कळत होते.

आम्ही न बोलता एक व्यवस्था लावली. तिचा हात माझ्या मनगटावर होता. तिला डग्गा ऐकू येत होता, थोडा खुर्चीच्या लाकडातून जाणवत होता. ती पेरे मोजत होती आणि समेवर मनगट दाबत होती. मला सूर ऐकू येत होते. षड्ज लागला की मी तिचा हात दाबत होतो. ताल तिचा, सूर माझा. पुष्कळ वेळ माझा हात स्वस्थच होता. गायिका रिषभावर थांबे, धैवतावर थांबे, निषादावरून परत फिरे. आई माझ्याकडे पाही. मी मानेने 'नाही' म्हणे. ती हसून पुन्हा पेरे मोजू लागे. मग एकदा सम यायला दोन मात्रा उरल्या असताना ती बाई निषादावरून अलगद उतरली, आणि समेवरच तिने षड्ज ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांचा हात एकाच क्षणी दाबला.

"लागला?" आई म्हणाली.

"लागला."

तिने डोळे मिटले. मागच्या गृहस्थांनीसुद्धा त्या क्षणी काही सांगितले नाही.

मला आता किती राग ओळखता येतात असे कोणी विचारले, तर उत्तर दोन्ही हातांच्या बोटांत आटोपते. तानेचा हिशेब लागत नाही, घराण्यांचे वाद कळत नाहीत, आणि अनवट राग आला की मी सरळ डोळे मिटून बसतो. पण परीक्षा नाही हे एकदा मनाने घेतले, की या न कळण्याचा त्रास होत नाही. जेवढे ऐकू येते तेवढे आपले, उरलेले उद्याचे. मात्र एक खरे, की उद्या सगळ्यांनाच असतो असे नाही. गाणे थांबत नाही, पण घरात ते ज्यांच्यापाशी आहे ती माणसे थांबत नसतात. आणि कानही थांबत नाहीत.

तेव्हा मुहूर्त पाहणाऱ्यांसाठी हा अंक हातात आहे तोच मुहूर्त. दिवाळीच्या पहाटे आता गावोगावी गाणे असते. अभ्यंगस्नान करून, फराळाचे चार घास खाऊन जा. काय लावले आहे ते नाही कळले तर नाही कळले. सूर कुठे येऊन टेकतो एवढेच पाहत राहा. आणि शेजारी एखादी वयस्कर बाई मांडीवर हात ठेवून बोटांची पेरे मोजताना दिसली, तर तिच्याजवळची खुर्ची धरा. तिरकिट कुठे येते ते ती नक्की सांगेल.